गाण्यातला ‘मी’ कोण असतो? जेम्स मॅकमर्ट्री ऐकताना पडलेले प्रश्न

सांजवाट (प्रश्न)

गेले दोन महिने मी जेम्स मॅकमर्ट्री या अमेरिकी गायक-गीतकाराच्या नादी लागले आहे, आणि हा नाद नेमका कशाचा आहे, चालीचा की गोष्टीचा, हे मला उलगडत नसल्यामुळे इथे विचारत आहे. गाठ पडली ती योगायोगाने. रात्री उशिरापर्यंत काम करताना सोबत म्हणून लावून ठेवलेल्या गाण्यांमध्ये त्याचे ‘कॉपर कँटीन’ हे २०१५ सालचे गाणे लागले. सुरुवातीलाच एक नवरा बायकोला बजावतो की मी बंदूक साफ करत असताना माझ्यावर ओरडू नकोस. हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की गाडीच्या मागच्या फाळक्यावरचे रक्त मी धुऊन टाकीन. माझे काम तिथेच थांबले. बंदूक, रक्त आणि चिडलेली बायको हे तिन्ही जिन्नस पहिल्या दोन ओळींत समोर आल्यावर या घरात आता खून पडणार अशी माझी खात्रीच झाली, कारण अमेरिकी लोकगीतांमध्ये खुनाच्या कथागीतांची परंपरा जुनी आहे आणि तिथे बंदूक दिसली की ती सहसा उडते.

इथे ती उडत नाही. बंदूक साफ करणे हे त्या घरात भांडी घासण्याइतकेच रोजचे काम आहे. विशी गाठण्याआधीच आपण आपल्या आईवडिलांसारखे होऊन बसलो याची जाणीव, मुलांना आपले कष्ट कळत नाहीत ही तक्रार, आणि रात्री भीतीने दचकून जाग आल्यावर बायकोने छातीशी धरून ठेवणे, असे सारे तो नवरा तक्रार आणि माया यांची सरमिसळ करत बोलत राहतो. आपण दाराआड उभे राहून दुसऱ्यांच्या घरातले बोलणे ऐकत आहोत अशी थोडी अपराधी भावनाही ऐकताना मनात येते.

मग मागे जात जात मी १९९५ च्या ‘लेव्हलँड’पर्यंत पोहोचले. लेव्हलँड हे टेक्सासमध्ये लबक शहराच्या पश्चिमेला असलेले खरोखरीचे गाव आहे, आणि नावाप्रमाणेच तिथली जमीन सपाट आहे. गाण्यातला तरुण स्वतःशीच विचारतो की आपले पूर्वज नेमके इथेच का थांबले असतील. गाडीचे चाक निखळले असेल, नाहीतर पुढे जाण्याची उमेदच त्यांच्यात नसेल. त्याच गाण्यात आईची एक आठवण येते. घरात वातानुकूलन नव्हते तेव्हा मायलेक रात्री बाहेर बसून तारे बघत आणि ती त्याला मनात एखादी इच्छा धरायला सांगे. सॅटेलाइट डिश बसल्यापासून मात्र आईने आकाश पाहिले असेल असे त्याला वाटत नाही. ही जागा मी किती वेळा मागे नेऊन ऐकली असेल, ते सांगता येणार नाही. एखाद्या कादंबरीकाराने गावातल्या बदलावर दोन पाने खर्च केली असती. इथे घरावर एक तबकडी चढते आणि अंगणात बसणारी आई आत जाते, एवढेच.

शोध घेतल्यावर कळले की त्याचे वडील लॅरी मॅकमर्ट्री हे टेक्सासचे नामवंत कादंबरीकार होते आणि ‘लोन्सम डव्ह’ या कादंबरीसाठी त्यांना १९८६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. ते कळल्याबरोबर ‘तरीच!’ असे मी मोठ्याने म्हणाले, आणि लगेच माझेच मला ते ओशाळवाणे वाटले, कारण वारसा म्हटले की ऐकलेल्या गोष्टीचा विचार करण्याचे कष्ट वाचतात.

तर मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. याचे गाणे कुठे कंट्री, कुठे आल्ट-कंट्री तर कुठे अमेरिकाना या नावाखाली सापडते, त्या नावांचा अर्थ काय? अशा गाण्यांना जे ‘साहित्यिक’ म्हटले जाते, ते गीतकाराच्या घरात पुस्तके होती म्हणून, की गाण्याच्या बांधणीतच तसे काही असते म्हणून? आणि याच वाटेवर पुढे कोणाला ऐकावे? एक कबुलीही देऊन ठेवते: त्याचा आवाज मला सुरुवातीला अगदी सपाट वाटला होता, जवळजवळ बातम्या वाचल्यासारखा. आता तसा वाटत नाही, पण तो बदलला की मी, हे ठरवता आलेले नाही.

जुनी फीत

नावांचा गुंता आधी सोडवतो, कारण तो लवकर सुटतो. इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिल या गावच्या अंकल टुपेलो या वाद्यवृंदाने १९९० मध्ये ‘नो डिप्रेशन’ नावाचा अल्बम काढला. त्याचे शीर्षकगीत कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक-मंडळीने १९३६ मध्ये, महामंदीच्या काळात, ध्वनिमुद्रित केले होते. मंदीच्या काळातले ते भक्तिगीत आणि पंक रॉकचा कर्कश गिटार एकाच अल्बममध्ये नांदवण्याची ही कल्पना इतकी रुजली की १९९५ मध्ये सिएटलहून त्याच नावाचे नियतकालिक निघू लागले, आणि आल्ट-कंट्री हा शब्द पुढे त्याच्याशी कायमचा जोडला गेला. गंमत म्हणजे त्या नियतकालिकाने स्वतःचे वर्णन करताना या शब्दाला ‘हे जे काही असेल ते’ अशा अर्थाची पुस्ती जोडलेली होती, त्यामुळे व्याख्येवरून भांडणाऱ्यांची हवा तिथेच निघून जात असे. तोवर अंकल टुपेलो १९९४ मध्ये फुटले होते आणि त्यातून सन व्होल्ट व विल्को असे दोन वाद्यवृंद निघाले होते. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत, रेडिओसाठी घासून-पुसून तयार केलेल्या कंट्रीला कंटाळलेले पण पेडल स्टील गिटार आणि जुन्या चाली न सोडणारे जे कोणी होते, ते सगळे या छत्रीखाली उभे राहिले. अमेरिकाना हे त्याहून मोठे आणि अधिक सभ्य छत्र आहे. त्याच्या नावाची संघटना आहे, पारितोषिके आहेत. मॅकमर्ट्रीच्या ‘चाइल्डिश थिंग्ज’ या २००५ च्या अल्बमला तिथे वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला होता.

खुद्द मॅकमर्ट्री या नावांच्या आधीचा आहे. त्याचा पहिला अल्बम १९८९ चा, आणि त्याची निर्मिती रॉक गायक जॉन मेलनकॅम्पने केली. वडिलांची मदत झाली नाही असे म्हणता येणार नाही, कारण लॅरी तेव्हा मेलनकॅम्पसाठी एका चित्रपटाची पटकथा लिहीत होते आणि मुलाची गाणी त्याच्यापर्यंत त्याच वाटेने पोहोचली. पण त्याआधी १९८७ मध्ये टेक्सासमधल्या केरव्हिलच्या लोकसंगीत महोत्सवात नवोदित गीतकारांच्या स्पर्धेतील विजेत्यांमध्ये त्याचे नाव आले होते, आणि तिथे आडनावाला गुण देत नाहीत. गिटार वडिलांनी आणून दिली, तीही तो सात वर्षांचा असताना. ती वाजवायला शिकवली ती आईने, आणि ती इंग्रजीची प्राध्यापक होती. वारसा काढायचाच असेल तर दोन्ही बाजूंचा काढावा.

त्याहून महत्त्वाचा वारसा मला टेक्सासच्या गीतकारांचा वाटतो. टाउन्स व्हॅन झँट आणि गाय क्लार्क ही नावे तुम्हाला पुढे भेटतीलच. क्लार्कच्या आजीचे मोनाहान्स या गावी हॉटेल होते आणि तिथे तेलविहिरी खोदणारा एक म्हातारा राहत असे; क्लार्कने त्याच्यावर गाणे लिहिले, आणि ते ऐकताना म्हाताऱ्याच्या मागे मागे फिरणाऱ्या पोराच्या डोळ्यांनीच आपण त्याला पाहतो. मॅकमर्ट्रीची शाळा ती आहे.

पानगळ

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला मॅकमर्ट्रीच्याच लिहिण्याच्या रीतीत सापडते. त्याने अनेक मुलाखतींत सांगितले आहे की त्याला आधी एखाद-दुसरी ओळ चालीसकट सुचते, मग तो स्वतःला विचारतो की हे बोलतो आहे कोण, आणि तो बोलणारा सापडला की त्याच्यापासून उलटे चालत गोष्टीपर्यंत जाता येते. म्हणजे आधी वाक्य, मग माणूस, मग गाव. बंदूक साफ करतानाचे ते वाक्य याच क्रमाने आले असावे असे ऐकताना वाटते. माझ्या मते ‘साहित्यिक’ या विशेषणाचा इथला अर्थ एवढाच आहे: गाण्यातला ‘मी’ आणि गाणारा यांच्यात अंतर आहे, आणि त्या अंतरात कथाकाराला लागते तेवढी जागा आहे. अलंकारिक भाषेशी त्याचा काही संबंध नाही. उलट मॅकमर्ट्रीच्या गाण्यांत उपमा फार कमी असतात आणि वस्तूंची नावे फार असतात.

आपल्याला ही गोष्ट अवघड वाटायचे खरे तर कारण नाही. शाहिराने रचलेली लावणी स्त्रीच्या तोंडी असते आणि ती शाहिराची आत्मकथा आहे असे कोणी समजत नाही. भावगीताने मात्र आपल्या कानांना वेगळी सवय लावली. तिथला ‘मी’ हा कवी, गायक आणि ऐकणारा अशा तिघांचा सामायिक असतो, आणि तीच सवय घेऊन आपण या गाण्यांकडे गेलो की प्रत्येक गाणे गायकाच्या आयुष्यात घडलेले वाटू लागते.

या अंतराचा सर्वांत टोकाचा प्रयोग ऐकायचा असेल तर रिचर्ड बकनरचा २००० सालचा ‘द हिल’ हा अल्बम ऐका. बकनर हा आल्ट-कंट्रीतला खऱ्या अर्थाने वाचणारा माणूस. एडगर ली मास्टर्स या शिकागोच्या वकिलाने १९१५ मध्ये ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध केला होता, आणि त्यात इलिनॉयमधल्या एका छोट्या गावाच्या दफनभूमीतली दोनशेहून अधिक मृत माणसे आपापल्या थडग्यातून बोलतात. प्रत्येकाला एक छोटी कविता मिळते आणि मेल्यानंतर खोटे बोलण्याचे कारण उरत नाही, तरी काही जण तिथेही बोलतातच. बकनरने त्यातल्या अठरा कविता निवडल्या. काहींना चाल लावून तो गायला, काहींचे शब्द काढून टाकून नुसते वाद्यसंगीत ठेवले, आणि सारे मिळून अर्ध्या तासाहून थोडा मोठा असा एकच सलग तुकडा केला. मूळ सीडीवर मधले कोणतेही गाणे वेगळे काढून ऐकण्याची सोय नव्हती. गावातून जाताना एखादेच घर वगळून पुढे जाता येत नाही, तसे काहीसे.

कविता मुक्तछंदातल्या असल्यामुळे यमक नाही, ध्रुवपद नाही, समान लांबीची ओळ नाही. चाल लावणाऱ्याने धरायचे काय? बकनर बोलण्याचा श्वास धरतो. जिथे माणूस थांबेल तिथे तो थांबतो, आणि स्वर सरळ न लावता घासत, वळवत, पुढच्या शब्दावर ढकलतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची छापील ओळ आत्ता कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडत असल्यासारखी ऐकू येते.

तुमच्या गाण्यातली बंदूक उडली नाही म्हणून सांगतो: इथली उडते. सुरुवातीलाच तीन कविता एकाच खुनाच्या आहेत. पस्तीस वर्षांची मिसेस मेरिट, तिचा नवरा टॉम आणि तिचा एकोणीस वर्षांचा प्रियकर एल्मर. टॉम सांगतो की त्याला जिथे दिसेल तिथे मारायचे असे मी ठरवले होते, पण पुलाजवळ तो समोर आला तेव्हा माझ्या हातात काठी नव्हती की दगड नव्हता, आणि तो स्वतःच मेल्यासारखा घाबरून, मारलेले ससे हातात धरून उभा होता; तरी गोळी झाडली ती त्यानेच. मारणाऱ्याच्या हातातले ते ससे मला वाचताना फार अस्वस्थ करून गेले; खून करायला निघालेला माणूस ससे घेऊन येत नाही. मिसेस मेरिट न्यायालयात एक शब्दही बोलली नाही, आणि तीस वर्षांनी तुरुंगातून शवपेटीतच बाहेर आली. एल्मर चौदा वर्षांत सुटला, गावाने त्याला पोटाशी धरले, आणि तो आपल्या थडग्यातून गावकऱ्यांच्या क्षमाशील अंतःकरणाचे गुणगान करतो आहे. तीस आणि चौदा हे आकडे मास्टर्स कुठेही शेजारी ठेवून दाखवत नाही. ते वेगवेगळ्या थडग्यांत पडले आहेत आणि बेरीज-वजाबाकी वाचणाऱ्याने करायची आहे. मास्टर्स वकील होता हे इथे आठवते.

तिसरी तार

पानगळ यांचे विवेचन मला आवडले, पण त्याने नव्या ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल अशी भीतीही वाटते. या गायकांना ‘साहित्यिक’ म्हटले की लोक शब्द कागदावर उतरवून वाचायला बसतात, आणि मग गाणे हे कवितेचे थोडे मंद भावंड ठरते. मॅकमर्ट्रीचा आवाज सपाट आहे असे मूळ प्रश्नात म्हटले आहे. तो सपाट आहेच, आणि तो तसा आहे म्हणूनच ‘लेव्हलँड’मधली आई आपल्याला दिसते. तीच ओळ गळा दाटून गायली असती तर आपण आईऐवजी गायकाकडे पाहिले असते. सांगणाऱ्याने रडायचे नाही, हा कीर्तनकारालाही ठाऊक असलेला नियम आहे.

शब्दांनी जे सांगायचे नाही ते या संगीतात वाद्ये सांगतात, आणि त्यांत पेडल स्टीलचा वाटा मोठा आहे. ही गिटार हातात धरत नाहीत, ती घोडीवर आडवी मांडलेली असते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, आणि त्याच वेळी पायाखालचे पेडल व गुडघ्याशी असलेले दांडे दाबून काही निवडक तारांचा स्वर खाली-वर करायचा. त्यामुळे तीन स्वर एकत्र वाजत असताना दोन जागेवर राहतात आणि एकटा तिसरा सरकत जातो. घरातली दोन माणसे बसून आहेत आणि एक उठून चालले आहे, असा काहीसा तो भास असतो. बकनरचा १९९४ चा पहिला अल्बम लबकमध्ये लॉइड मेन्सच्या देखरेखीखाली झाला, आणि हाच मेन्स अंकल टुपेलोच्या १९९३ च्या शेवटच्या अल्बमवर पेडल स्टील वाजवताना ऐकू येतो. शब्द बाजूला ठेवून एकदा फक्त त्याच्यासाठी हे दोन्ही अल्बम ऐका.

तरीही बोलणारा कोण, हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे असे मी म्हणत नाही. त्याचे माझ्या माहितीतले सर्वांत सुंदर उदाहरण ल्युसिंडा विल्यम्स या गायिका-गीतकाराचे आहे. तिचे वडील मिलर विल्यम्स हे कवी आणि प्राध्यापक. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या १९९७ च्या शपथविधीत त्यांनी आपली कविता वाचली होती. लहानपणी ती वडिलांबरोबर लेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांच्या घरी गेली होती आणि तिथे पाळलेल्या मोरांमागे धावली होती, ही हकीकत ती स्वतः सांगते. ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा तिचा १९९८ चा अल्बम, आधीच्या अल्बमनंतर सहा वर्षांनी आलेला, कारण झालेले ध्वनिमुद्रण तिला पसंत पडेना आणि ती पुन्हा नव्याने करत राहिली.

त्याच्या शीर्षकगीतात स्वयंपाकघरातला वास येतो, रेडिओवर कंट्री लागलेले असते, मोठी माणसे हलक्या आवाजात काहीतरी बोलत असतात, मग गाडी निघते आणि खिडकीबाहेरून कापसाची शेते मागे जात राहतात. कोण कोणाला सोडून चालले आहे, का चालले आहे, याचा उलगडा होत नाही, कारण गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला जेवढे कळेल तेवढेच गाणे आपल्याला सांगते. शेवटी त्या मुलाच्या चेहऱ्यावर अश्रूंत मिसळलेली धूळ असते. हे गाणे वडिलांनी प्रथम ऐकले तेव्हा ते कार्यक्रमानंतर तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिची क्षमा मागितली. तिने सांगितले आहे की ती चकित झाली. गाण्यातले मूल आपणच आहोत हे तोवर तिच्या ध्यानातच आले नव्हते. पानगळ म्हणतात ते अंतर तिने इतके चोख राखले होते की तिची स्वतःचीच फसगत झाली, आणि कवी असलेल्या बापाने मात्र एका ऐकण्यात ओळखले. आता हे अंतर खरे की खोटे, हे मला ठरवता येत नाही.

मॅकमर्ट्रीबद्दल एक तक्रारही नोंदवतो. त्याचे सर्वांत गाजलेले राजकीय गाणे, २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्याने इंटरनेटवर विनामूल्य दिलेले, सुरू होते ते चौकात पुठ्ठ्याची पाटी घेऊन चाकाच्या खुर्चीत बसलेल्या व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकापासून. ते चित्र विलक्षण आहे. पण पुढे बंद पडलेल्या गिरणीपासून किमान वेतनापर्यंत सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच आवाज मांडू लागतो, आणि हे कोण बोलते आहे, या त्याच्याच प्रश्नाचे उत्तर पातळ होत जाते. लोकांना ते गाणे फार हवेसे वाटले, यात नवल नाही. मला ‘लेव्हलँड’ त्याहून मोठे वाटते.

टपालखाते

पुढे कोणाला ऐकावे, या प्रश्नावर एक नाव राहून गेले आहे. विली व्हलॉटिन. नेवाडातल्या रीनो शहरात वाढलेला हा गीतकार ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या रिचमंड फाँटेन या वाद्यवृंदाचा मुख्य गायक होता, आणि गाणी लिहिता लिहिता कादंबरीकार झाला. त्याच्या ‘लीन ऑन पीट’ या कादंबरीवर पुढे चित्रपटही निघाला. म्हणजे इथे बापाकडून मुलाकडे येणे वगैरे काही नाही. एकाच माणसाच्या एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले आहे. मोटेलच्या खोल्या, तात्पुरत्या नोकऱ्या, घोड्यांच्या शर्यती, आणि थोडे पैसे हातात आले की ते कसे जातात याचे बारीक हिशेब, हे त्याच्या गाण्यांत आणि कादंबऱ्यांत सारखेच आढळते. ‘पोस्ट टू वायर’ या २००४ च्या अल्बममध्ये गाण्यांच्या मध्ये मध्ये पोस्टकार्डे वाचली जातात. पाठवणारा घर सोडून भटकणारा मित्र आहे, आणि दर पत्रात तो आता सगळे ठीक होईल असे कळवतो. पत्ता बदलत जातो, त्यावरून काय ते समजायचे.

नंतर त्याने द डीलाइन्स या वाद्यवृंदासाठी लिहायला घेतले आणि गाणे एमी बून या गायिकेकडे सोपवले. स्वतःचा आवाज बाजूला ठेवून दुसऱ्याच्या गळ्यासाठी माणसे घडवणारा गीतकार, ही मला या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक व्यवस्था वाटते.

सांजवाट

सर्वांचे मनापासून आभार. तिसरी तार यांचा सल्ला मानून मी शब्द न वाचता आधी ल्युसिंडाचे ते गाणे तीनदा ऐकले, आणि तिसऱ्या वेळेस लक्षात आले की त्यातले कितीतरी बोलणे मोठ्यांचे, हुकमी सुरातले आहे: हे आवर, ते उचल, गप्प बस, अशा जातीचे. मूल स्वतः फारसे काही बोलतच नाही. ते नुसते पाहते.

त्यानंतर पुन्हा ‘कॉपर कँटीन’कडे गेले, आणि दोन महिने ऐकूनही न दिसलेली गोष्ट दिसली. ते सगळे गाणे नवऱ्याच्या तोंडचे आहे. बायको ओरडते हे आपल्याला तोच सांगतो. ती काय ओरडते, हे तो सांगत नाही. फाळक्यावरचे रक्त धुण्यासाठी तिने त्याला आजवर किती वेळा सांगितले असेल, आणि हंगाम संपेपर्यंत ती गाडी अंगणात तशीच उभी असलेली पाहताना तिला काय वाटत असेल, हे तिच्याकडून ऐकायचे तर तिला वेगळे गाणे लागेल. मिसेस मेरिटला निदान थडग्यात बोलायला मिळाले. मॅकमर्ट्रीने त्या बायकोची बाजू दुसऱ्या कुठल्या गाण्यात मांडली आहे का, हे कोणाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे. आवाज सपाट असण्याबद्दल मी जे लिहिले होते ते मागे घेते. त्या सपाटपणात नवऱ्याचा थोडा ताठाही आहे, तो आता ऐकू येऊ लागला आहे.

जुनी फीत

बायकोची बाजू मला माहीत नाही, पण घरातली सगळी मंडळी एकदम हवी असतील तर ‘चॉक्टॉ बिंगो’ लावा. २००२ चे, आठ मिनिटांहून मोठे, ओक्लाहोमात भरणाऱ्या कुटुंबमेळाव्याचे गाणे आहे. पोरांना गाडीत पट्ट्याने बांधून, प्रवासात गप्प राहावीत म्हणून चेरी कोकमध्ये थोडी व्होडका पाजून मंडळी निघतात, इथपासून सुरुवात होते आणि पुढे एकेक नातेवाईक आपापली गाडी, आपापले धंदे आणि आपापली हत्यारे घेऊन येत जातो. मेळावा खरोखर भरतो की नाही, हे मी सांगत नाही. सांगणारा कोण आहे तेवढे मात्र शोधून पाहा. माझा अंदाज दर वेळी बदलतो.

सांजवाट

आज रात्री आधी ‘द हिल’, सलग, मध्ये न उठता. मास्टर्सचे पुस्तक हाती आले आहे, पण अल्बम संपेपर्यंत ते उघडायचे नाही असे ठरवले आहे. मेळाव्याला उद्या जाईन.